मे महिन्यातले अठरा गुंठे

आमच्या पेढीची पाटी दर दहा-बारा वर्षांनी नव्याने रंगवली जायची, आणि प्रत्येक वेळी पेढी आणखी म्हातारी व्हायची. मी कामाला लागलो तेव्हा पाटीवर 'पन्नास वर्षांची परंपरा' असं लिहिलेलं होतं. मी काम सोडलं तेव्हा तिथे 'सव्वाशे वर्षांची परंपरा' होती. मधल्या काळात मी नोकरी केली ती चौतीस वर्षं. एकदा रंगाऱ्याने भीत भीत विचारलं, "आप्पासाहेब, मागच्या खेपेला पाटी मीच रंगवली होती. तेव्हा ऐंशी घातले होते." आप्पासाहेब म्हणाले, "मग तेव्हा तुम्ही चुकलात," आणि त्या चुकीचे म्हणून त्याच्या मजुरीतून वीस रुपये कापले.

आप्पासाहेब उकिडवे या पेढीचे मालक. धंदा वजनकाट्यांचा. रविवार पेठेतलं एक अरुंद दुकान, आत पितळी तराजू, लोखंडी मापं आणि अलीकडे अर्ध्या भिंतीवर लाल आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे. मी बशीर, त्यांच्याकडचा दुरुस्तीचा कारागीर. माझ्याआधी अब्बा तेच काम करायचे. दुरुस्तीचा कारखाना बिबवेवाडीला होता. आप्पासाहेबांच्या वडिलांनी तिथे खाली पत्र्याची शेड आणि वर दोन खोल्या बांधल्या होत्या. वरच्या खोल्यांमध्ये आप्पासाहेबांची धाकटी बहीण राहायची. या मीनाताई, महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. माझ्या दोन्ही मुली त्यांनी दहावी पार करून दिल्या, आणि फीचं नाव काढलं की म्हणायच्या, "खाली ठोकाठोकी जरा दोन ते चार बंद ठेवा, तीच माझी फी."

आप्पासाहेबांबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला एकतर्फी म्हणायला नको. वजनात हा माणूस कधीही खोटं वागला नाही. एखाद्या भाजीवाल्याने "जरा पन्नास ग्रॅमने हलका करून द्या" असं सुचवलं, तर काठी उगारून त्याला पायऱ्या उतरायला लावायचे. दर वर्षी वजनमापांचे निरीक्षक येऊन मापं तपासून शिक्के मारून जायचे. त्यांनी आमच्या मापांत कधी रतीभर खोट काढली नाही. आप्पासाहेबांना त्याचा खरा अभिमान होता. मला मात्र नेहमी वाटायचं, सरकारने मालकांनाही वर्षातून एकदा तपासून शिक्का मारायची सोय करायला हवी होती.

कारण काटा सोडून बाकी सगळ्या गोष्टी हा माणूस फुगवूनच सांगायचा. त्यांच्या काठीची मूठ चांदीची होती असं ते सांगायचे. तिला पॉलिश मी करायचो, त्यामुळे ती कशाची होती ते मला विचारा. ते राहायचे तो फ्लॅट 'अठराशे फुटांचा' होता. त्यात जिना, सामायिक गच्ची आणि बहुधा पाण्याची टाकीही मोजलेली असावी. बोलताना त्यांचं एक पालुपद होतं, "तसं बघायला गेलं तर." हे चार शब्द आले की समजायचं, आता एखादी वस्तू दुप्पट होणार.

एकदा रिक्षातून आम्ही दोघं स्वारगेटला सिग्नलला अडकलो होतो. मांडीवर पंचवीस किलोचा काटा, वरून ऊन. आप्पासाहेबांनी काठी बाहेर काढली आणि एस.टी. स्टँडपासून उड्डाणपुलाच्या खांबापर्यंत एक गोल फिरवला.

"बशीर, तसं बघायला गेलं तर हे सगळं आपलं."

"हे सगळं?"

"आमच्या आजोबांचा टांगा इथे उभा राहायचा."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. उतरताना त्याने वरचे दहा रुपये मागितले तेव्हा याच जमीनदारांनी त्याच्याशी सात मिनिटं हुज्जत घातली.

दुकानात एक तिजोरी होती, माणसाच्या उंचीची, हिरव्या रंगाची. दुकानात फरशी बसवायची म्हणून ती एकदा चार दिवसांसाठी बाहेर काढायची होती. आदल्या संध्याकाळी आप्पासाहेबांनी मला थांबवून घेतलं, शटर अर्धं ओढलं आणि तिजोरी उघडली. आत दोन जुन्या वह्या, एक चष्म्याची डबी आणि विड्याच्या पानांचा वास. त्यांनी माझ्याकडून वीस-वीस किलोची लोखंडी मापं एकेक करून आत ठेवून घेतली. एकूण चौदा. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "हमाल येणारेत उद्या."

दुसऱ्या दिवशी सहा हमालांनी ती तिजोरी हलवताना जो काही आरडाओरडा केला, तो ऐकायला सगळी गल्ली जमली. समोरचा सुपारीवाला दुकान सोडून आला. आप्पासाहेब पायरीवर उभं राहून नुसतं "सांभाळून रे, सांभाळून" म्हणत होते, आणि तेही हळू आवाजात. त्या वर्षी एका पतसंस्थेने त्यांना कर्ज दिलं. तिचे अध्यक्ष त्याच गल्लीत राहायचे आणि त्या सकाळी पेपर हातात धरून खिडकीत उभे होते.

पुढे आप्पासाहेबांनी 'संपत्तीचा तक्ता' तयार करून घेतला. संगणकावर टाइप केलेला, रंगीत आणि लॅमिनेट केलेला. लॅमिनेट केलेल्या कागदावर पुणेकरांचा फार विश्वास. पाण्यानेही न भिजणारा कागद खोटा कसा असेल? त्या तक्त्यात पेढीची इमारत होती. दुकान पागडीचं होतं हे लिहायचं राहिलं होतं. पेढीच्या नुसत्या नावाची किंमत होती. 'तिजोरी, ऐवजासह' असं एक कलम होतं. आणि 'पेशवेकालीन पितळी तराजू' होता. तो तराजू माझ्या अब्बांनी माझ्या डोळ्यांदेखत, बिबवेवाडीच्या शेडमध्ये जोडला होता. त्या दिवशी रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती, एवढं मला पक्कं आठवतं.

पण तक्त्याचा खरा मुकुटमणी होता शेवटच्या ओळीत. 'खडकवासला, जलाशयालगत जमीन, अठरा गुंठे.'

या जमिनीला आम्ही वर्षातून एकदाच जायचो, मे महिन्यात. आप्पासाहेबांचा तो वार्षिक सोहळाच होता. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नातेवाईक, ओळखीचे, ज्यांच्याकडून काही हवं आहे असे लोक, सगळ्यांना दोन गाड्यांत घालून न्यायचे. सतरंज्या अंथरायच्या, आमरसाचं पातेलं उघडायचं, आणि मग आप्पासाहेब पावलं मोजत हद्द फिरून दाखवायचे. हद्दीवर बारा दगड, पांढरे शुभ्र. समोर धरणाचं पाणी, पलीकडे डोंगर. पाहुण्यांच्या तोंडून "वा" निघायचं. आप्पासाहेब म्हणायचे, "तसं बघायला गेलं तर पुढच्या काही वर्षांत इथे बंगल्यांची रांग होणार."

आदल्या शनिवारी मला तिथे जावं लागायचं. बादलीत पांढरा रंग आणि ब्रश घेऊन. कारण ते दगड दर वर्षी शेवाळलेले असायचे. दोन-तीन जागेवरून सरकलेले असायचे, एखादा चिखलात रुतलेला. जमीन टणक, भेगाळलेली, आणि भेगांमध्ये शिंपल्यांचे तुकडे. जून सरता सरता पाणी चढायला लागलं की ते अठरा गुंठे दिसेनासे व्हायचे, ते थेट पुढच्या उन्हाळ्यात वर यायचे. ती जमीन आजोबांच्या काळीच सरकारने धरणासाठी घेतली होती आणि आजोबांनी मोबदला मोजून घेतला होता. आप्पासाहेबांकडे होता तो त्याआधीचा जुना सातबारा. आणि तोही लॅमिनेट केलेला.

हे सगळं मला माहीत होतं. दर वर्षी दगड मीच रंगवत होतो, तर माहीत नसायला काय झालं? पण पन्नाशी उलटलेल्या कारागिराला दुसरीकडे काम कोण देणार, या भीतीने मी तोंड शिवून बसलो. आप्पासाहेबांची टर उडवायला मला आता मजा येते. त्या दगडांची आठवण झाली की येत नाही.

एका वर्षी पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "इथे एकही झाड कसं नाही हो?" आप्पासाहेब क्षणाचाही वेळ न लावता म्हणाले, "काढून टाकली. व्ह्यू अडत होता."

मीनाताईही त्या दिवशी सतरंजीवर बसलेल्या होत्या. आमरस खाता खाता हसल्या होत्या.

त्याच वर्षीच्या भाऊबीजेला मला आप्पासाहेबांनी बिबवेवाडीला वर बोलावून घेतलं. मीनाताईंनी भावाला ओवाळलं. दरवर्षी ताटात पाचशे एक रुपये पडायचे. या वेळी आप्पासाहेबांनी ताटात संपत्तीचा तक्ता ठेवला. निरांजनाच्या उजेडात ते लॅमिनेशन चकाकत होतं.

"मीने, यातली खडकवासल्याची जमीन आजपासून तुझी. शिवाय पेढीत चौथा हिस्सा. ओवाळणी समज."

मीनाताईंचे डोळे भरून आले. साठ वर्षांत भावाने त्यांना असं काही दिलं नव्हतं.

"आणि या दोन खोल्या आणि शेड?" त्यांनीच विचारलं.

"तेवढ्याचं एक हक्कसोडपत्र करून टाकू. वडिलांच्या नावावरचं आहे, उगाच दोघांची नावं कशाला? तू राहा की, कोण घालवतंय. तसं बघायला गेलं तर तुला दसपट मिळतंय."

आमच्याकडे बहिणीने हक्क सोडायचा असतो, हे इतकं ठरून गेलेलं आहे की हिस्सा मागणाऱ्या बहिणीकडे लोक चोरीचा माल हातात सापडल्यासारखं बघतात. इथे तर भाऊ उलट देत होता. दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात मीनाताईंनी आपल्या वळणदार अक्षरात सही केली, अंगठा उमटवला, फोटो काढून घेतला. जमिनीचा आणि पेढीचा करार साध्या स्टॅम्पपेपरवर झाला, तो नोंदवलाच नाही. 'घरातल्या घरात कशाला खर्च,' असं आप्पासाहेब म्हणाले. हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून दोन सह्या लागतात. त्यातली एक माझी आहे.

आठ महिन्यांत मीनाताईंना नोटीस आली. शेड आणि वरच्या खोल्या आप्पासाहेबांनी एका बिल्डरला दिल्या होत्या, आणि नव्वद दिवसांत जागा रिकामी करायची होती. नोटीस हातात घेऊन मीनाताई जिना उतरून खाली शेडमध्ये आल्या. मी एका सराफाच्या काट्याची सुई बसवत होतो. त्यांनी माझ्यासमोर स्टूल ओढलं. पासष्ट वर्षांची बाई, जायला दुसरं घर नाही, आणि चेहऱ्यावर वर्गात शिरल्यावर असायचा तसा करारीपणा.

"काल मी खडकवासल्याला जाऊन आले, बशीरभाई. बसने. तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

त्या वर गेल्या, आणि दहा मिनिटांनी चहाचा कप घेऊन आल्या. माझ्यासाठी. त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

"चाळीस वर्षं मुलांना क्षेत्रफळ शिकवलं," त्या म्हणाल्या. "तिथे बसून आमरस खाल्ला. झाड नाही हे पाहिलं, आणि का नाही हे स्वतःला विचारलं नाही. भाऊ बोलतोय म्हटल्यावर माझं गणित कुठे गेलं होतं कोण जाणे. मी कोर्टात जाणार आहे. तुम्ही खरं सांगाल?"

"बघतो," मी म्हणालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं भिकार उत्तर कधी दिलं नव्हतं.

मीनाताईंनी दिवाणी दावा लावला की फसवून घेतलेलं हक्कसोडपत्र रद्द करावं. त्यांचं ऐकून पतसंस्थेनेही लावला, कारण तिजोरीतला ऐवज त्यांना शेवटी किलोवर मोजावा लागला होता. आणि एका चुलतभावानेही, ज्याने तक्ता बघून पेढीत पैसे घातले होते. कोर्टाने मीनाताईंच्या घरावर तात्पुरती मनाई दिली, म्हणजे निकाल लागेपर्यंत त्यांना हलवता येणार नव्हतं. दुसरा एखादा माणूस लाजेने घराबाहेर पडला नसता. आप्पासाहेब मात्र सुपारीवाल्याला सांगत होते, "पाच दावे आहेत माझ्यावर, पाच! साध्या माणसावर कोण दावा लावतो हो?"

दावे तीन होते. पण तेवढ्यावर समाधान मानतील तर ते आप्पासाहेब कसले?

कोर्टात गेल्यावर त्यांना एक नवीन आवड लागली, ती तारखांची. त्यांचा बेत सरळ होता. "बाई पासष्टीची आहे. थकेल. आपण घाई करायची नाही." फेब्रुवारीत मीनाताईंच्या वकिलांनी अर्ज केला की कोर्टाने माणूस पाठवून जमीन प्रत्यक्ष बघावी. कोर्टाने एका वकीलबाईंना कमिशनर नेमलं, म्हणजे त्यांनी जागेवर जाऊन पाहायचं, मोजायचं आणि कोर्टाला अहवाल द्यायचा. मार्चची तारीख पडली. आप्पासाहेबांनी पुतण्याची मुंज पुढे केली. एप्रिलच्या तारखेला उन्हाचा त्रास. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी. जूनमध्ये वकील गावाला, जुलैत आप्पासाहेबांचा गुडघा, ऑगस्टमध्ये दुसरा गुडघा. प्रत्येक तारखेनंतर ते दुकानात पेढे मागवायचे. पाव किलो, सहा माणसांत. शेवटी न्यायाधीशबाईंनी खडसावलं की आता एकही तारीख मिळणार नाही. सप्टेंबरातला एक गुरुवार ठरला.

मी वाट बघत होतो की आता तरी हा माणूस दचकेल. सप्टेंबर! धरण भरलेलं, रोज पेपरात पाण्याचा साठा छापून येत होता आणि तो पेपर ते रोज वाचत होते. पण नाही. त्यांच्या वकिलांनीही ती जमीन मेमध्ये, आमरसासकटच पाहिलेली. आणि आप्पासाहेबांनी वीस वर्षांत ती दुसऱ्या कुठल्या महिन्यात पाहिलेलीच नव्हती. लोकांना सांगून सांगून त्यांच्या डोक्यात ती बारमाही झाली होती. मला तोपर्यंत वाटायचं की हा माणूस खोटं बोलतो. त्या आठवड्यात कळलं की त्याहून वाईट प्रकार आहे. याचा स्वतःवर विश्वास आहे. सोबत घडीची खुर्ची घ्यायलाही ते विसरले नाहीत.

"बशीर, तूही चल. दगड दाखवायला तू लागशील."

गाडीतून उतरून आम्ही पायवाटेने खाली गेलो. वळण घेतलं आणि पायवाट संपली. पुढे पाणी होतं. तपकिरी, काठोकाठ, पार समोरच्या डोंगरापर्यंत. काठावर एक मासेवाला जाळं झटकत बसला होता.

कमिशनरबाई तिशीच्या आतल्या, पायात स्पोर्ट्स शूज, हातात फाइल. त्यांच्याबरोबर भूमी अभिलेखचा मोजणीदार, यंत्र खांद्यावर. मागे मीनाताई, त्यांचे वकील, आप्पासाहेबांचे वकील. सगळे काठावर ओळीने उभे राहिले.

"सर," कमिशनरबाई म्हणाल्या, "एक्झॅक्टली कुठे आहे प्लॉट?"

आप्पासाहेबांनी काठी उचलली आणि पाण्याकडे रोखली. काठी हवेत तशीच राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर फसवणूक उघडी पडलेल्या माणसाची भीती नव्हती. कुणीतरी आपली वस्तू हलवली की माणूस जसा रागावतो, तसे ते त्या पाण्यावर रागावलेले दिसत होते.

"तसं बघायला गेलं तर," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचे शब्द त्यांना सापडले नाहीत.

त्यांचे वकील सावरून घ्यायला धावले. "मॅडम, यंदा पाऊस जास्त झालाय. हे टेम्पररी आहे. मूळ प्लॉट काठाच्या वर, ड्राय पोर्शनमध्ये येतो. हद्दीचे दगड आहेत. हे आमचे कर्मचारी दाखवतील."

म्हणजे मी. जरा मागे, वर, बाभळीखाली कुठलेतरी चार दगड पडलेले होते. त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं तरी त्या दिवसापुरतं भागलं असतं. पुन्हा मोजणी, पुन्हा तारखा, आणि तोवर मीनाताई किती टिकणार होत्या? आप्पासाहेब माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, अगदी निश्चिंतपणे, जसं ते दुकानातल्या स्टुलाकडे बघायचे. मीनाताई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या पाण्याकडे बघत होत्या.

"दगड आहेत ना?" कमिशनरबाईंनी विचारलं.

"आहेत, बाई. बारा आहेत," मी म्हणालो. "पाण्याखाली आहेत. दर मे महिन्यात पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मीच त्यांना पांढरा रंग देतो. हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून सहीही माझी आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं, हे पण लिहा."

मोजणीदार हसू दाबायला खोकला. मासेवाल्याने जाळं खाली ठेवलं आणि कुणी न विचारताच सांगितलं, "हितं धा महिनं पानीच असतंय की. ही सरकारी जागा हाय. उन्हाळ्यात गावातली पोरं किरकेट खेळत्यात."

कमिशनरबाईंनी सगळं लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं, माझी सही घेतली. ती सही केल्याचं मला अजून बरं वाटतं. मीनाताई परत फिरताना माझ्याजवळ क्षणभर थांबल्या. "दोन ते चारची ठोकाठोकी आता माफ," एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत आप्पासाहेब धायरी फाट्यापर्यंत काठीची मूठ पुसत होते. मग म्हणाले, "तुला पाणी दाखवायची काय गरज होती?"

"पाणी मी नाही दाखवलं, आप्पासाहेब. ते दिसत होतं."

तो माझा त्यांच्या पेढीवरचा शेवटचा दिवस.

हक्कसोडपत्र रद्द झालं. बिल्डरने पाय मागे घेतला. मीनाताई अजून बिबवेवाडीत वरच्या दोन खोल्यांत राहतात. खालची शेड त्यांनी मला भाड्याने दिली आहे, आणि भाड्याची पावती दर महिन्याला स्वतःच्या हाताने लिहून, क्षेत्रफळासकट देतात. बाकीचे दोन दावे चालू आहेत. पेढीची पाटी अजून जागेवर आहे. त्यानंतर कुणी रंगवलेली नाही.

यंदा मे महिन्यात त्या मासेवाल्याचा फोन आला. सोपान त्याचं नाव. त्याचा काटा शून्यावर येत नव्हता. मी हत्यारांची पिशवी घेऊन खडकवासल्याला गेलो, त्याच्या टपरीत काटा उघडून साफ केला, मापं ठेवून तपासला. निघताना सहज त्या पायवाटेने खाली उतरलो. पाणी हटलं होतं. जमीन वर आली होती, भेगाळलेली, आणि तिच्यावर पांढरे शुभ्र बारा दगड. एक घडीची खुर्ची. खुर्चीशेजारी रंगाची बादली. आणि भर उन्हात, सदऱ्याच्या बाहीवर पांढरे डाग पडलेले आप्पासाहेब, एका तरुण जोडप्याला काठीने हद्द दाखवत होते. मुलगा बहुतेक आय.टी.तला असावा, मुलीच्या हातात फोन, ती डोंगराचे फोटो काढत होती. आप्पासाहेब वाळले होते. कॉलर मानेभोवती सैल झाली होती. आता त्यांच्यासाठी दगड रंगवणारंही कुणी नव्हतं, हे बघून मला वाईट वाटायला लागलं होतं. तेवढ्यात वाऱ्यावर त्यांचं वाक्य आलं.

"तसं बघायला गेलं तर एकूण बावीस गुंठे."

दावा हरल्यापासून जमीन चार गुंठ्यांनी वाढली होती.

त्यांनी मला पाहिलं. जराही न अडखळता हात वर केला आणि त्या दोघांना म्हणाले, "हा बघा, आमचा जुना माणूस. याला विचारा. हद्दीचे दगड यानेच लावलेत."

मुलाने माझ्याकडे वळून विचारलं, "काका, क्लिअर आहे ना सगळं?"

"सगळं क्लिअर आहे," मी म्हणालो. "फक्त व्यवहार करायच्या आधी एकदा गणपतीत येऊन बघा. आणि येताना होडी घेऊन या."

मुलीने फोन खाली केला आणि पायाखाली पाहिलं. भेगेत अडकलेला शिंपला तिने बुटाच्या टोकाने उकरला, उचलून नवऱ्याला दाखवला. दोघं गाडीकडे चालायला लागले. आप्पासाहेबांनी त्यांना हाक मारली नाही. ते पहिल्या दगडापाशी गेले, काठी टेकली, आणि पुन्हा पावलं मोजायला लागले. एक, दोन, तीन. या वेळी पावलं जरा आखूड टाकत होते, म्हणजे संख्या जास्त भरते.